गाडीत बाईमाणूस आहे का?

आपल्याकडे एक वाक्य फार सोयीचं आहे. 'पुढच्या वेळी बघू.' नाही म्हणायचा वाईटपणा नको आणि हो म्हणायची जबाबदारीही नको, अशा वेळी ते घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी आपोआप येतं. हेमांगीने हे वाक्य सासऱ्यांकडून पहिल्यांदा ऐकलं ते सांगलीच्या पुराच्या वेळी, दुसऱ्यांदा महाडच्या पुराच्या वेळी, आणि सोलापूरकडच्या सीना नदीला पूर आला तेव्हा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्यांदा.

सासरे म्हणजे दिवाकरभाऊ. वसईच्या पश्चिमेला त्यांची केळीची आणि पानवेलीची वाडी आहे. माणूस सज्जन, शब्दाचा पक्का, आणि श्रीगुरुपादुका सेवा मंडळाचा अध्यक्ष. हे मंडळ दत्तभक्तांचं, पण नुसत्या आरत्या करून प्रसाद खाऊन घरी जाणारं नव्हे. किल्लारीच्या भूकंपाला भाऊंचे वडील तात्या भाड्याच्या टेम्पोत औषधं घालून गेले होते. तेव्हापासून कुठे पूर येवो, दरड कोसळो, मंडळाची गाडी औषधं घेऊन निघणार हे ठरलेलं. एव्हरशाईन सिटीतले डॉक्टर प्रीतम आपला चालता दवाखाना चार दिवस बंद ठेवून येतात. कोणी एक रुपया घेत नाही. अशी माणसं आहेत म्हणून आपलं बरं चाललंय, हे मी आधीच कबूल करतो. पुढचं वाचून कोणी त्यांना नावं ठेवू नयेत.

पण तात्यांनी एक नियम घालून दिला होता. गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर लाकडी पेटीत दत्तगुरूंच्या पादुका असायच्या. सेवा त्यांच्या साक्षीने करायची. आणि पादुका असलेल्या गाडीत बाईने बसायचं नाही. बाईच्या जातीचं काय सांगावं, वाटेत पाळी आली तर? बत्तीस वर्षांत हा नियम कोणी मोडला नव्हता. खरं सांगायचं तर कोणी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

हेमांगी शिकलेली नर्स. लग्नाआधी आणि नंतरची दोन वर्षं तिने मुंबईत एका इस्पितळाच्या बायकांच्या वॉर्डात काढली होती. मुलगी झाली, सासूचे गुडघे धरले, नोकरी सुटली. आता मंडळाची गाडी निघायची असली की पडवीत बसून औषधांची पाकिटं करणं हे तिचं काम. सकाळच्या गोळीला उगवता सूर्य, दुपारच्या गोळीला पूर्ण सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं म्हणून ही चित्रं तिनेच काढायला सुरुवात केली होती. नवरा अनुज वालीवला खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर, त्यामुळे खोकी घरची.

त्या दिवशी शेवटचं पाकीट बंद करून तिने विचारलं, "बाबा, या वेळी मी येऊ?"

"तू आलीस तर इथलं कोण बघणार गो?" भाऊ कौतुकाने म्हणाले. "तुझ्यासारखी पाकिटं कोणाला जमतात? पुढच्या वेळी बघू."

मंडळाचे चिटणीस सदानंद खोकी मोजत होते. दोन खोक्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. "वहिनी, यात काय?"

"सॅनिटरी पॅड आहेत. पुरात कपडेच वाहून गेलेत, बायका काय वापरत असतील?"

सदानंदांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "पादुकांच्या गाडीत हे? भाऊ, बघा हो."

भाऊंनी बघितलं, आणि मग दुसरीकडे बघितलं. बाकीची खोकी गाडीत चढली, ती दोन पडवीतच राहिली. 'अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त' असा गजर झाला, नारळ फुटला, गाडी निघाली. हेमांगी दारात उभी राहून हात जोडत होती. तिची भक्ती कोणाहून कमी नव्हती बरं का. चार दिवस देवघराची पायरी न चढणारी बाई ती, बंडखोर वगैरे काही नव्हती. तिला पुण्यही नको होतं आणि पेपरात फोटोही नको होता. आपण जे शिकलो ते देवाने एकदा वापरावं, एवढंच तिचं मागणं.

ही ओढ फार वाईट असते. ती दिवसभर वाडीत काम करायची आणि मनातल्या मनात गाडीबरोबर जायची. आता घाट चढले असतील. आता जेवायला थांबले असतील. आता शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं असेल, आणि पहिली बाई पदर सावरत पुढे आली असेल. तिची नाडी कोण बघत असेल? तापाने अंग कसं लागत असेल? केळीचं पान कापता कापता हेमांगीचे हात शिवशिवायचे. सासू सुभद्राबाई एकदा म्हणाल्या, "कुठे आहेस गो?" तर ही दचकून म्हणाली, "इथेच आहे, आई." खोटंच होतं ते.

चौथ्या दिवशी गाडी परत आली. मंडळी थकलेली, पण समाधानी. रस्ता कसा वाहून गेला होता, एका म्हाताऱ्याने कसे पाय धरले, कोणा सरपंचाने पिठलं-भाकरी कशी खिलवली, सगळं सांगून झालं.

"आणि बायका?" हेमांगीने विचारलं.

"बायका ठणठणीत," सदानंद म्हणाले. "खेड्यातल्या त्या, काटक. त्यांना काही होत नाही."

अहवाल लिहायचा म्हणून केसपेपरचा गठ्ठा नेहमीप्रमाणे हेमांगीकडे आला. दुपारी जेवणं झाल्यावर तिने ते पेपर पडवीत मांडले. तीनशे अकरा माणसं तपासली होती. पुरुष, मुलं, म्हातारे, सगळे होते. बायका? सतरा. त्यातल्या चौदा साठीच्या पुढच्या, गुडघेदुखीच्या. पंधरा ते पन्नास वयाच्या फक्त तीन, आणि तिघींनाही सर्दी!

तिने पुन्हा मोजलं. मग महाडचा जुना गठ्ठा काढला, सांगलीचा काढला. तिथेही तेच. इतकी गावं पाण्याखाली गेली, हजारो बायका ओल्या कपड्यांत आठ-आठ दिवस शाळेच्या वर्गांतून राहिल्या, आणि एकीलाही काही झालं नाही? नर्स म्हणून तिने वॉर्डात कधी असं पाहिलं नव्हतं. तिने डॉक्टर प्रीतमना फोन केला.

"वहिनी, मी प्रत्येकीला विचारतो," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. "'ताई, काही त्रास?' त्या म्हणतात, 'नाही.' मागे रांग असते. मी पुढचा पेपर घेतो. पण तुम्ही म्हणताय ते खरं आहे. इतकं 'नाही' बरोबर नाही."

विहिरीजवळ काळूराम गाडी धूत होता. काळूराम हा मंडळाचा ड्रायव्हर, कामणजवळच्या गावचा, आगरी माणूस. बोलायला कमी. सगळ्या खेपा त्यानेच मारलेल्या, पण आजवर त्याला रस्त्याखेरीज कोणी काही विचारलं नव्हतं.

"काळूरामदादा, तिथे बायका येत नव्हत्या का हो?"

त्याने पाइप खाली ठेवला. "येत व्हत्या ना, वैनी. टेबलाकरं नाय. गाडीच्या मागच्या बाजूला, माझ्याकरं."

"तुमच्याकडे? कशाला?"

"एकच इचारायच्या. 'गाडीत कुणी बाईमाणूस हाय का वो?' मी बोलायचो, नाय. मंग त्या परत जायच्या."

पाइपातलं पाणी केळीच्या बुंध्याकडे वाहत चाललं होतं.

"किती जणी?"

"या खेपेला चौघी-पाच जनी. म्हाडला लय व्हत्या. सांगलीला पन." काळूरामने डोक्यावरची टोपी काढली. "या टायमाला एक पोर व्हती, बावीस-तेवीसची. हिरवी सारी. कडेवर तान्हा. ती दोनदा आली. मना बोलली, 'मामा, नीट बघा ना, हाय का कुनी?' मी गाडीत काय बघनार, वैनी? खोकीच व्हती सगली. तिचा अंग तापला व्हता, लांबूनच कलत व्हता."

"दादा, हे तुम्ही बाबांना का नाही सांगितलं?"

"मना कोनी इचारला का? मी ड्रायवर मानूस."

वाचकहो, आपण कितीदा असंच करतो! ज्याला माहीत असतं त्याला आपण विचारत नाही, आणि ज्याला विचारतो त्याला माहीत नसतं. हेमांगी तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसली आणि रडली. आपण इथे झुरत होतो, आणि आपल्याला हाक मारणाऱ्या बायका तिथे गाडीच्या मागे उभ्या होत्या. इतकी वर्षं!

संध्याकाळी मंडळाची बैठक पडवीतच होती. अहवाल वाचायला हेमांगी उभी राहिली आणि तिने आकडे सांगितले. मग काळूरामला बोलावलं आणि म्हणाली, "दादा, मला सांगितलंत तेच सांगा." काळूरामने चप्पल बाहेर काढून, भिंतीला टेकून, तेच सांगितलं.

"मला जाऊ द्या, बाबा," हेमांगी म्हणाली. "मी काही मागत नाही. त्या बायका मागतायत."

भाऊंनी पादुकांच्या पेटीकडे बघितलं. निर्दय माणूस नव्हता तो. शेवटी म्हणाले, "पुढच्या गुरुवारी दुसरी खेप आहे. ये तू. पण त्या दिवसांत नसलीस तरच. एवढं पाळ. तात्यांचा शब्द अगदीच मोडायला नको."

सदानंदांनी नाक मुरडलं. हेमांगीने मनात तारखा मोजल्या. अजून अकरा दिवस होते, आणि गुरुवार सातव्या दिवशी. दोन-तीन दिवसांत परत येऊ. तिला वाटलं, दत्तगुरूंनीच वाट मोकळी केली!

तो आठवडा तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. डॉक्टर प्रीतमना विचारून औषधांची वेगळी यादी केली. कपड्यांची पिशवी तीनदा भरली आणि तीनदा उपसली. स्वयंपाक करताना गुणगुणायची. अनुज तिला चिडवायचा, "लग्नाला निघाल्यासारखी निघाल्येस!" तिला खरंच तसं वाटत होतं. हिरवी साडी नेसलेली ती मुलगी रोज डोळ्यांपुढे यायची. जाऊ आणि तिला शोधू, हे तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

आणि गुरुवारी पहाटे, चार दिवस आधीच, तिला पाळी आली.

कोणाला कळणार होतं? कोणालाच नाही. गप्प बसून गाडीत बसली असती तर गाडी निघाली असती, बायका तपासून झाल्या असत्या, कोणाचं काही बिघडलं नसतं. न्हाणीघरात ती दार लावून उभी होती आणि मन सांगत होतं, जा, बोलू नकोस. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते चार पावलांवर आलंय. या एका गोष्टीसाठी सोडशील? तुम्ही-आम्ही असतो तर बहुधा गेलोच असतो, आणि मी त्यात दोषही काढला नसता.

पण तिच्या मनात दुसराही प्रश्न आला. तिथे जाऊन मी बायकांना काय सांगणार? 'बाई, लाजू नका, लपवू नका, मोकळेपणाने सांगा.' हे सांगायला मी स्वतः लपवून गेले तर कोणत्या तोंडाने सांगू?

ती बाहेर आली. गाडी भरून तयार होती. प्रीतम, सदानंद आणि आणखी तिघे गाडीत चढत होते, काळूरामने इंजिन सुरू केलं होतं. हेमांगी भाऊंसमोर उभी राहिली.

"बाबा, मला पाळी आली आहे. आज सकाळीच. मी लपवणार नाही. पण मला यायचं आहे."

सकाळची वेळ, दहा माणसं उभी, आणि सुनेने सासऱ्यांना हे असं सांगितलं! सदानंदांनी कानावर हात ठेवायचेच काय ते बाकी ठेवले. भाऊंचा चेहरा पडला. त्यांनाही वाईट वाटलं असेल, पण तोंडातून तेच आलं जे नेहमी येई.

"मग... पुढच्या वेळी बघू, हेमा."

तिने हातातली पिशवी पायरीवर ठेवली. तिला पडवीतून गाडी जाताना बघायची सवय होती, तशीच ती बघू लागली.

पण गाडी हलली नाही. काळूरामने इंजिन बंद केलं. तो उतरला, आणि किल्ली भाऊंच्या पुढे धरली.

"भाऊ, गाडी तुमी चालवा."

"अरे, काय झालं?"

"ग्येल्या खेपेला त्या पोरीला मी 'नाय' बोलून आलो. ती आज परत येल माझ्याकरं. माझ्या तोंडातून आता 'नाय' निंगायचा नाय." "तुमची गाडी, तुमचा देव. पन 'नाय' बोलायला दुसरा मानूस बघा."

"काळूराम, तू यात पडू नकोस," सदानंद कडाडले. "तात्यांचा नियम आहे!"

तेव्हा सुभद्राबाई पुढे आल्या. गुडघ्यांनी जेरीला आलेली ही बाई, चार माणसांत कधी नवऱ्यासमोर बोलली नव्हती. दाराची चौकट धरून उभी राहिली आणि बोलली.

"किल्लारीला तुम्ही तात्यांबरोबर गेलात, तेव्हापासून मी या पडवीत गोळ्या मोजत्येय. बत्तीस वर्षं झाली. मलाही जायचं होतं, हे तुम्हाला माहीत आहे?"

भाऊ बघतच राहिले. "तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही परत आलात की सांगायचात, लोकांनी पाय धरले. मी मनात म्हणायचे, त्या माणसाची बायको कुठे होती? तिच्याजवळ कोण बसलं? मला एकदा तरी तिच्याजवळ बसायचं होतं. माझं वय गेलं. आता हिचंही जाऊ दे म्हणता?"

"अगं, पण पादुका..."

"पादुका कोणाच्या आहेत?" सुभद्राबाईंचा आवाज चढला. "दारोदार भिक्षा मागत हिंडले त्यांच्याच ना? मग त्यांना भाकर वाढायला कोण आलं दारात? बाईच आली ना? तेव्हा त्यांनी झोळी मागे घेऊन विचारलं होतं का, 'माई, आज तुझा कितवा दिवस?'"



दिवाकरभाऊ पायरीवर बसले. सहासष्ट वर्षांचा माणूस, ज्याने कधी कोणाचं वाईट चिंतलं नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बायकोचं अर्ध्या आयुष्याचं मागणं आपल्या कानाला लागून होतं आणि आपल्याला ऐकू आलं नाही! रांगेतली सगळी माणसं आपण तपासली, असं आपण अहवालात लिहीत होतो, आणि गाडीच्या मागे किती जणी उभ्या होत्या! कोणाच्या तरी अंगावरचा विटाळ बघता बघता आपण आजारच बघायचा विसरलो!

ते उठले. गाडीत गेले. सीटवरची पादुकांची पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि हेमांगीसमोर आले.

"बस त्या सीटवर. पेटी मांडीवर घे."

"बाबा!" ती दोन पावलं मागे सरकली. हात पुढे करायचं तिला धैर्य होईना.

"घे गो. रस्ता खराब आहे, नीट धर."

"भाऊ, तात्यांना काय वाटेल?" सदानंद पुटपुटले.

"तात्यांना मी वर गेल्यावर सांगेन काय ते," भाऊ म्हणाले. "आणि त्या पडवीतल्या दोन खोक्यांना कोणाचा मुहूर्त लागतोय? चढवा वर!"

सदानंदांनीच ती खोकी चढवली, हेही इथे नोंदवतो. गजर झाला.

सीनेकाठच्या त्या गावात गाडी दुपारी पोचली. शाळेच्या भिंतींवर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती, आणि पटांगणात गाद्या वाळत घातलेल्या, ज्या आता कधी वाळणार नव्हत्या. टेबल मांडलं, पुरुषांची रांग लागली. काळूराम नेहमीप्रमाणे गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने दोन बायका आल्या, आणि त्यांनी विचारायच्या आधीच तो मोठ्याने म्हणाला, "हाय! बाईमानूस हाय! आमची वैनी हाय, नर्स हाय. शेवटच्या वर्गात बसलीय, जावा."

रात्री उशिरापर्यंत शेवटच्या वर्गात त्रेसष्ट बायका येऊन गेल्या. हेमांगीने दार आतून लोटून घेतलं होतं आणि ती प्रत्येकीजवळ खाली सतरंजीवर बसत होती. कोणाच्या मांड्या ओल्या कपड्यांनी सोलून निघाल्या होत्या आणि चालताही येत नव्हतं. एकीला पंधरा दिवस अंगावरून जात होतं, तिच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक झाल्या होत्या. एकीला पाचवा महिना होता आणि पुरात बाळाची हालचाल थांबल्याची भीती वाटत होती. ती कोणापाशी बोलणार? हेमांगीने पोटावर हात ठेवला, कान लावला, दोघीही श्वास रोखून बसल्या, आणि बाळाने आतून ढुशी दिली! ती बाई हसली की रडली हे सांगणं कठीण आहे. प्रीतम बाहेरून दाराआडून विचारायचे, हेमांगी सांगायची, औषध ठरायचं. ज्यांना शहरात न्यायला हवं होतं त्यांची नावं वेगळी काढली.

पण हिरव्या साडीतली मुलगी आली नाही. हेमांगी प्रत्येक वेळी दार उघडलं की वर बघायची. शेवटी बाहेर येऊन तिने एका म्हातारीला विचारलं.

"मुक्ता व्हय?" म्हातारी म्हणाली. "तिला सोलापूरला न्हेलं की दवाखान्यात. चार दिस झालं. छातीत दूध साकळलं, गाठ झाली, तापानं फणफणली. सांगंना कुणाला. सांगणार कुणाला, सासरा आन् दीर बसल्याले शेजारी. शुद्ध हरपली तवा कळलं."

भाऊ दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं. गेल्या खेपेला ती गाडीपाशी आली त्या दिवशी दोन गोळ्या, गरम पाण्याचा शेक, आणि बाळाला कसं पाजायचं हे सांगणारं कोणी, एवढं पुरलं असतं. हेमांगीने ते त्यांना सांगितलं नाही. पण त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"उद्या परत निघताना सोलापुरावरून जायचं," ते काळूरामला म्हणाले. "वाट वाकडी झाली तर होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्पितळात गेले. भाऊंनी वाटेत बाळासाठी झबली घेतली, मुक्तासाठी फळं घेतली. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दाराशी एक मावशी स्टूल टाकून बसली होती. तिने हेमांगीला आत सोडलं आणि भाऊंच्या पुढे हात आडवा केला.

"आजोबा, तुम्ही नाही. पुरुषांना आत नाही."

"मला फक्त तिला बघायचंय. दोन शब्द बोलायचेत."

"नियम आहे, आजोबा."

नियम योग्यच होता. भाऊ वाद न घालता बाकावर बसले. दार बंद झालं. आतून बाळांच्या रडण्याचे आवाज येत होते, त्यांतलं मुक्ताचं कोणतं हे त्यांना कळत नव्हतं. ती कशी आहे? बोलते का? आपल्याला क्षमा करेल का? दर वेळी दार उघडलं की ते अर्धवट उठायचे आणि पुन्हा बसायचे. तास गेला. सगळं आयुष्य ज्या माणसासाठी दारं आपोआप उघडली, तो त्या दिवशी पहिल्यांदा एका बंद दाराबाहेर, आत जायची तळमळ घेऊन बसला होता. सुभद्रा अशीच बसली असेल पडवीत. एक तास नाही, बत्तीस वर्षं.

हेमांगी बाहेर आली. "ऑपरेशन झालं, बाबा. पू काढला. ताप उतरलाय, जिवाची भीती नाही आता. बाळही बरं आहे, पण वरच्या दुधावर आहे. त्याचं तिला फार लागलंय. सारखी म्हणते, मला परत पाजता येईल ना?"

"येईल का?"

"प्रयत्न करायचा. मी तिला शिकवलंय. फोन नंबर दिलाय, रोज बोलेन."

"माझं सांगितलंस?"

"सांगितलं. ती रागावली नाहीये, बाबा. तिला तर कोणावर रागवायचं हेही माहीत नाही." हेमांगी त्यांच्याजवळ बाकावर बसली. "एवढंच म्हणाली, त्या दिवशी आपली गाडी वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्यात उभी होती. तिला वाटलं होतं, पुरुषांची गाडी पुढे गेली, आता मागून बायांची येईल."

भाऊंनी झबली-फळांची पिशवी तिच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मंडळाच्या गाडीच्या यादीत आता सुनांची, लेकींची नावं आधी लिहिली जातात. पादुका त्याच सीटवर असतात, आणि जिला जागा कमी पडेल ती त्या मांडीवर घेते. सुभद्राबाईंनी गुडघ्यांना पट्टे बांधून पुढच्या खेपेला जायचं ठरवलंय, औषध देता येत नसलं तरी कोणाजवळ तरी बसता येईल म्हणतात.

बंधुभगिनींनो, आपण सगळेच आपापल्या परीने सेवा करतो, आणि करावी. पण निघताना एकदा आपल्याच घराच्या दारात कोण उभं आहे ते बघावं, आणि पोचल्यावर रांगेत कोण नाही ते विचारावं. मदत करायला तळमळणारी एक इथे असते, मदतीची वाट बघणारी दुसरी तिथे असते, आणि पुष्कळदा दोघींच्या मधे देव नसतोच, आपलाच एखादा नियम उभा असतो. तो बाजूला करायला वेळ तो किती लागतो? दिवाकरभाऊंना त्या सकाळी दहा मिनिटं लागली. त्याआधी बत्तीस वर्षं लागली होती.